जिन्याखालची बदकीण

३ मार्च

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, घरी गेल्यावर रोज लिहायचं. किती चाललात, दम लागला का, झोप कशी, मन कसं. छाती फाडून तारेनं शिवली आणि आता विचारतात मन कसं. मी म्हणालो, बाई, मी चौथी शिकलेला माणूस, मला लिहायचा सराव नाही. त्या म्हणाल्या, कोणाला दाखवायचं नाही, स्वतःसाठी लिहायचं. स्वतःला काय सांगायचं? मला माहीतच असतं सगळं. पण पोरगी माझ्यापेक्षा हट्टी. तिनं वही आणून उशाशी ठेवली, पेनाला दोरी बांधली. तर घ्या.

चाललो : दारापर्यंत. दम : नाही. झोप : बरी. मन : जाग्यावर.

दारापर्यंतच का, तर बाहेर रानबदकांची जोडी आलीय. मागच्या तळ्यातून येतात. बदक म्हणजे आपलं डबक्यातलं नव्हे, चांगलं माझ्या मांडीएवढं उंच. मान काळी, गाल पांढरे. अंगणभर फिरतात आणि अंगठ्याएवढ्या लेंड्या टाकतात.

५ मार्च

शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, ही हंसाच्या कुळातली, मुकादम. मी म्हणालो, कुळ कुठलंही असो, हगतात बदकासारखीच. एरवी मास्तर यावर तासभर भांडले असते. कुंपणाच्या जागेवरून आम्ही सहा वर्षं भांडतोय. आज नुसते हसले आणि काही लागलं तर हाक मारा म्हणाले. आल्यापासून बघतोय, हा माणूस माझ्याशी भांडतच नाही. मी मरायला टेकलोय अशी याची समजूत झालेली दिसते.

मला सगळे मुकादमच म्हणतात. चाळीस वर्षं परांच्या बांधल्या आणि बांधून घेतल्या. इमारत उभी राहिली की लोक माना वर करून बघतात. तिच्याभोवतीची परांची आम्ही सोडून नेलेली असते, ती कोणाच्या ध्यानात नसते. बरोबरच आहे. ध्यानात राहायला ती काय देऊळ आहे?

चाललो : ओट्यावर दोन फेऱ्या. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, शिंकताना उशी छातीशी धरायची. माणूस आहे की काचसामान.

८ मार्च

जुनी टोळी भेटायला आली. लंबू आणि आणखी तिघं. दाराशी चपला काढून रांगेत उभे राहिले, शाळा तपासायला साहेब आल्यासारखे. एकाच्याही तोंडून शिवी नाही. लंबूनं माझा हात धरला तो सोडेना, आणि रडायला लागला. सहा फूट उंच माणूस, वरून पडणारा पाइप पायावर झेलला तेव्हा रडला नव्हता. मी म्हणालो, अरे लेका, मी जिवंत आहे, निदान मेल्यावर तरी रड. तर बाकीचे खाली बघायला लागले. पोरीनं चहा आणला आणि बाबांना आता झोपू द्या म्हणून सगळ्यांना घालवलं.

यांचीही मनं आता मऊ व्हायला लागलीत वाटतं. वय झालं.

१० मार्च

बदकांनी जागा बघून ठेवलीय. जिन्याखाली.

आमच्या घराला दार एकच, आणि दाराला चिकटून लोखंडी जिना, वरच्या खोलीचा. खोली धाकट्याची, पोरीच्या पाठच्या भावाची. मी आणि त्यानंच बांधली, जिनाही आम्हीच जोडला. मेच्या मध्यावर तो परगावच्या कामावरून सुट्टीवर यायचा आहे, तोवर खोलीला रंग लावून घ्यायचा माझा विचार. पोरीला म्हणालो, वर जाऊन खिडक्या तरी उघडून ये, कोंदट झालं असेल. म्हणाली, बाबा, पायरीवर बदक बसलंय, कशी जाऊ? ही तीच पोरगी, लहानपणी बैलाच्या शेपटीला लोंबकळायची.

धाकट्याचा काल फोन आला होता म्हणे, मी झोपलो असताना. त्याचा स्वतःचा फोन उंचावरून पडून फुटला, आता कामावरच्या ऑफिसातून दुपारी कधीतरी करतो, तो हिच्या फोनवर, नेमका मी झोपलेला असताना. माझा फोन पोरीनं काढून ठेवलाय. दोन महिने दगदग नको म्हणाली, डॉक्टरीणबाईंचंही तेच म्हणणं. बरं झालं, नाहीतरी मला त्या फोनवर बोटं चालवता येत नाहीत.

शेवटचा मी त्याच्याशी बोललो तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. म्हणाला, काय मुकादम, डॉक्टरला सांगा नटबोल्ट नीट आवळा, नंतर खडखड नको. नर्स हसली. मी म्हणालो, तू तुझे आवळ.

१२ मार्च

आज दाराबाहेर पाय टाकला आणि नर अंगावर आला. मान लांब करून, पंख पसरून, फुसफुस करत. त्या पंखाचा फटका म्हणजे ओली फळी बसल्यासारखा. मी मागं हटताना उंबऱ्यावर आपटलो असतो, पोरीनं धरलं. मादीनं जिन्याखाली सुक्या गवताचं घरटं केलंय आणि त्यात अंडी दिसतात. म्हणजे आता नवरा तिथून हलणार नाही. त्याचं नाव मी वॉचमन ठेवलंय.

डॉक्टरीणबाई म्हणतात रोज चाला, नाहीतर छातीत पाणी धरेल. वॉचमन म्हणतो, पाऊल टाकून दाखव. आता यातून मार्ग काढायला हवा. मी काठी मागितली तर पोरीनं दिली नाही. मास्तरांनी पालिकेत फोन केला, तिथून म्हणे कोणी पक्षी बघणारी बाई येणार. पक्षी बघायला माणूस ठेवलाय पालिकेनं. गटार बघायला मिळत नाही.

१३ मार्च

पक्षीवाली आली. गमबूट घातलेली, खिशात दोरा, हातात छत्री. पाऊस नाही आणि छत्री. विचारलं तर उघडून पुढं धरली आणि सरळ वॉचमनसमोरून चालत घरात आली. तो फुसफुसत मागं सरला. म्हणाली, तुम्ही त्याच्यापेक्षा मोठं दिसलं पाहिजे एवढंच. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, ओरडायचं नाही. आमच्याकडेही नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचे, उंचीच्या बाबतीत.

मग तिनं सगळं बघितलं. शेजारच्यांना भाकर-तुकडा टाकू नका म्हणून सांगितलं (मास्तर टाकत होते, चोर). गवत कापू नका, वाढू द्या, उंच गवतात या पाखरांना भीती वाटते, आत कोणी लपलंय की काय. तळ्याच्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर दोऱ्याच्या दोन ओळी बांधा, ती उडून येण्यापेक्षा चालत येतात, दोरा पायात आला की वळतात. हे पुढच्या वर्षासाठी. या वर्षी अंडी घातलीत, आता हाकलता येत नाही, मारणं तर नाहीच, तसा कायदा आहे.

मी म्हणालो, मग अंडी उचलून टाका.

तर म्हणाली, काका, उचलली तर ती पुन्हा घालेल, दोन पावलं पलीकडे. त्यापेक्षा अंड्यांना तेल लावायचं, साधं स्वयंपाकाचं. कवचाला बारीक भोकं असतात, ती बंद होतात, आत काही धरत नाही. आणि अंडी परत जिथल्या तिथं ठेवायची. तिला कळत नाही. ती बसून राहते. दिवस भरून गेले की कंटाळून उठते, आणि पुढच्या वर्षी ही जागा धरत नाही.

मला हे एकदम पटलं. आरडाओरडा नाही, रक्त नाही. पण पोरीचं तोंड पडलं. पक्षीवाली गेल्यावर म्हणाली, म्हणजे सगळ्यांनी मिळून तिला फसवायचं.

मी म्हणालो, फसवायचं कसलं, सोय आहे. दगड मारण्यापेक्षा बरं. तिला त्रास नाही, आपल्याला त्रास नाही.

"आणि कळेल तेव्हा?"

मी म्हणालो, पाखराला काय कळतंय. ती उठून आत गेली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी सगळी घासलेली होती.

१६ मार्च

काम झालं. सविस्तर लिहितो, कारण काम नीट झालं की मला लिहावंसं वाटतं.

पक्षीवाली परवानगी घेऊन आली. मास्तरांनी छत्री धरून वॉचमनला कोपऱ्यात रोखलं, घाबरून त्यांच्या धोतराची गाठ सुटते की काय असं वाटलं, पण पॅन्ट होती. मादी उठता उठेना. दुसऱ्या छत्रीनं तिला हळू सरकवलं, ती चार हातांवर जाऊन उभी राहिली आणि बघत राहिली. ओरडली नाही. घरट्यात तिनं स्वतःच्या छातीच्या मऊ पिसांचा कापूस उपटून अंथरला होता. आणि पाच अंडी.

मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून होतो. मला वाकायची मनाई. पोरगी कोमट पाण्याची बादली धरून. आधी एकेक अंडं पाण्यात सोडायचं. बुडून आडवं पडलं तर ताजं, आत अजून कोणी नाही, तेल लावायला हरकत नाही. तरंगलं तर आत जीव आकाराला आलाय, मग हात लावायचा नाही, पुसून परत ठेवायचं आणि पिल्लाची वाट बघायची. हा नियम मला आवडला. काम सुरू करायच्या आधी पाया तपासावा, तसा.

पाचही बुडाली. पक्षीवालीनं एकेक पुसलं, तेलाचा हात फिरवला आणि माझ्या हातात दिलं, सुकेपर्यंत धरा म्हणून. अंडं गरम होतं. इतकं गरम असेल असं वाटलं नव्हतं. जिवंत माणसाच्या कपाळासारखं.

सगळी परत ठेवली, वर कापूस ओढला. छत्र्या मिटल्या. मादी आली, चोचीनं एकेक अंडं सरकवून बघितलं, अंग हलवून नीट बसली. अगदी आधी होती तशी. वॉचमन येऊन तिच्याशेजारी उभा राहिला आणि आमच्याकडे बघून फुसफुसला.

बादली ओतायला गेलेली पोरगी आली नाही म्हणून बघितलं, तर घराच्या बाजूला भिंतीला डोकं टेकून रडत होती. बदकासाठी एवढं? हिच्या आईचं असंच होतं, मांजर मेलं तरी दोन दिवस जेवायची नाही. मी म्हणालो, पोरी, आत अजून कोणी नव्हतं, बघितलंस ना, पाचही बुडाली. तर आणखीच रडली. मी हात टेकले.

चाललो : नाही. मन : काम झाल्यावर असतं तसं.

२० मार्च

छत्री घेऊन फाटकापर्यंत गेलो आणि आलो. वॉचमन मला ओळखतो आता. मी दिसलो की उठतो, फुसफुसतो, छत्री उघडली की शिस्तीत तीन पावलं मागं. नोकरी चोख करतो. काय राखतोय ते मला माहीत आहे, त्याला नाही. कधीकधी वाटतं सांगावं, बाबा रे, बस जरा, पाय दुखतील.

धाकट्याचा निरोप आणला पोरीनं. "बाबांना सांग, तब्येतीची काळजी घ्या, औषधं वेळेवर घ्या, मी तुमची रोज आठवण काढतो."

बरं.

२४ मार्च

पाऊस आणि वारा. मादी भिजत बसलीय. जिन्याच्या पायऱ्यांमधून पाणी तिच्या पाठीवर पडतं. पोरीनं पायऱ्यांवर पत्र्याचा तुकडा बांधला. मी आतून सांगत होतो गाठ कशी मारायची. चुकीची मारली. पण टिकली.

पोरगी वाळलीय. मी दवाखान्यात असताना चार दिवस ती फिरकलीच नव्हती, ऑफिसचं काम निघालं म्हणे बाहेरगावी. तेव्हा मनात राग धरला होता मी. बापाची छाती उघडी आणि ऑफिसचं काम. आता बघतो तर ऑफिसवाले तिला एवढी रजा देतात की काम आहे की नाही याची शंका यावी.

२९ मार्च

धाकट्याचा पुन्हा निरोप. "बाबा, तुम्हीच माझे आदर्श आहात."

चाललो : तळ्याच्या काठापर्यंत. दम : थोडा.

हा मुलगा कधीपासून असं बोलायला लागला? सतराव्या वर्षी त्याला कामावर घेतला तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, इथं बाबा म्हणायचं नाही, इथं मी मुकादम. तेव्हापासून घरातही मुकादम. आजारी पडलो तरी मुकादम. आईच्या चितेपाशीसुद्धा माझ्या कानात म्हणाला, चला मुकादम, घरी जाऊ. बाबा म्हणून हाक मारलेली मला तरी आठवत नाही.

कदाचित माणूस लांब गेला की मऊ होतो.

२ एप्रिल

पोरीला म्हणालो, फोन आला की त्याला एक विचार. म्हणावं, पाय कशावर टेकवलाय?

आमचं रोजचं होतं हे. परांचीचा पाइप उभा करताना त्याचा पाय मातीवर ठेवायचा नाही, खाली फळी घालायची, नाहीतर वजनानं रुततो आणि सगळं कलतं. रोज सकाळी मी टोळीला ओरडून विचारायचो, पाय कशावर? सगळे म्हणायचे, फळीवर. हा एकटा वरून ओरडायचा, मुकादमाच्या टाळक्यावर. चौदा वर्षं एकच उत्तर. नंतर टोळी त्याच्या उत्तराची वाट बघायची, तोवर कोणी कामाला हात लावायचं नाही.

पोरीनं विचारलं, एवढंच सांगू? म्हणालो, एवढंच.

३ एप्रिल

उत्तर आलं. "फळीवर, बाबा. तुम्ही शिकवलंत तसंच."

बरोबर आहे. फळीवरच टेकवायचा असतो.

झोप : नाही.

९ एप्रिल

काही दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तारा धरल्यात, हाड सांधलंय. जिना चढायची परवानगी दिली, सावकाश. त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक? मी म्हणालो, तुम्हाला माहीत असेलच. त्यांनी पोरीकडे बघितलं, पोरीनं टेबलाकडे. मला म्हणायचं होतं, बदकाचं मास्तरांनी गावभर केलंय. तेवढंच.

येताना मी पोरीला म्हणालो, आता मादी उठली की वर जाऊन खोली बघतो. ती म्हणाली, घाई काय आहे, बाबा. बसू दे तिला.

आधी तीच म्हणत होती, बिचारीला फसवू नका. आता म्हणते बसू दे.

१५ एप्रिल

मादी जवळजवळ खात नाही. आधी दिवसातून एकदा उठून तळ्यावर जायची, पाणी पिऊन, चार काड्या खाऊन धावत यायची. आता तेही नाही. पिसं निस्तेज झालीत, मान बारीक. तिच्यासमोर मी पाण्याचं पातेलं सरकवलं. वॉचमन आला, पण चावला नाही. बाजूला उभा राहिला.

धाकट्याचा निरोप नाही या आठवड्यात. मी विचारलं नाही. पोरीनं सांगितलं नाही. जेवताना आम्ही बदकांबद्दल बोलतो. तळ्यावर दुसऱ्या जोड्यांची पिल्लं निघालीत म्हणाली, पिवळी, रांगेनं पोहतात. आमची मादी इथून त्यांचा आवाज ऐकत असेल.

२० एप्रिल

मास्तर आले होते. कुंपणाच्या जागेचं तुमचंच बरोबर आहे, खांब हलवून घ्या म्हणाले. मी त्यांना बसा म्हणालो नाही. म्हणालो, मास्तर, मला माणसासारखं वागवा, भांडा. त्यांचे डोळे भरले. निघून गेले. चष्मा ओट्यावर विसरले, तो पोरगी देऊन आली.

माझं चुकतंय काहीतरी असं वाटतं, पण काय ते नको वाटतं बघायला.

२३ एप्रिल

पक्षीवालीला बोलावून घेतलं. तिनं लांबूनच बघितलं आणि मान हलवली. म्हणाली, दिवस कधीच भरून गेले. बऱ्याचशा आपोआप उठतात, काही उठत नाहीत. अशा वेळी अंडी काढून घ्यावी लागतात, नाहीतर ती उपाशी मरेल. तिला वाटत राहतं, अजून थोडं, अजून थोडं.

मी विचारलं, काढून घेतल्यावर काय करते?

"शोधते थोडा वेळ. मग जाते, काका. पाण्याकडे जाते. जगते."

पोरगी दारात उभी होती. मी म्हणालो, उद्या मी काढतो. पक्षीवाली म्हणाली, आम्ही काढू, तुम्हाला वाकायचं नाही. मी म्हणालो, ठेवताना मी हात लावलाय, काढताना मीच.

२४ एप्रिल

सकाळी काढली. पोरीनं छत्री धरली. वॉचमनच्या पंखाचा एक फटका मला बसला, पोटरीवर. बसू दे. मादीला छत्रीनं सरकवावं लागलं नाही. मी हात घातला तेव्हा ती नुसती थोडी वर झाली. माझ्या मनगटाला तिचं पोट लागलं, कापूस उपटून उपटून उघडं पडलेलं. पाच अंडी काढून पिशवीत ठेवली. हलकी झाली होती. मी सांगतो, पाखरांना कळत नाही म्हणणारा मूर्ख आहे. ती माझ्याकडे बघत होती आणि मी एकेक नेत होतो, आणि तिनं चोच मारली नाही.

मग तिनं शोधलं. कापूस उलटसुलट केला. घरट्याबाहेर डोकावली, जिन्यामागं जाऊन आली. रिकाम्या जागेवर पुन्हा बसली, उठली, पुन्हा बसली. वॉचमन आवाज करत तिच्याभोवती फिरत होता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती उठली आणि तळ्याकडे चालायला लागली. चालता येत नव्हतं नीट, पाय आखडले होते. तो मागून. गेल्या आठवड्यात पोरीनं तळ्याच्या बाजूला बांधलेल्या दोऱ्यापाशी ती थांबली, मी जाऊन दोरा खाली दाबून धरला. गेली. पाण्यात उतरल्यावर ती आधी पाणी प्यायली. किती वेळ पीत होती.

परत आलो तर पोरगी जिन्यापाशी उभी. पायरीच्या आडवी, माझ्याकडे तोंड करून. हात दोन्हीकडच्या कठड्यांवर. वॉचमनच्या जागी.

मी पहिल्या पायरीवर बसलो. दम लागला नव्हता. म्हणालो, "पोरी, वर जाऊन बघू, का इथंच सांगतेस?"

ती माझ्या पायाशी बसली. जे बोलली ते इथं लिहीत नाही. माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. मी नळ्या लावून पडलो होतो. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आत्ता कळलं तर हाही जाईल. मग कधी सांगायचं ते कोणाला ठरवता आलं नाही, आणि रोज एक दिवस पुढं गेलं. धाकट्याचं सामान वरच्या खोलीत आहे.

मी विचारलं, कितव्या मजल्यावरून. तिनं सांगितलं. कमरेला पट्टा होता का. होता, अडकवला नव्हता, एका पाइपवरून दुसऱ्यावर जात होता, त्या मधल्या क्षणी. मी म्हणालो, म्हणजे पायाखालचं सुटलं नाही, परांची पक्की होती. ती म्हणाली, पक्की होती बाबा, त्यानंच बांधली होती. हे ऐकून मला काय वाटलं ते डॉक्टरीणबाईंच्या चार रकान्यांत बसत नाही.

ती सारखी म्हणत होती, मी फसवलं तुम्हाला, मी फसवलं. मी म्हणालो, गप. तू बसून होतीस माझ्याबरोबर. तुझंही काही खाणं झालेलं नाही.

मग विचारलं, खांदा कोणी दिला? बाप तर इथं पडलेला.

"लंबूकाका, टोळीतले दोघं, आणि मी."

"तू?"

"पुढून. डावीकडे."

लंबू पुढून उजवीकडे असणार. सहा फूट. ही माझ्या खांद्याला लागते. म्हणालो, मग पार कलला असेल तुझ्या बाजूला, सगळं वजन तुझ्यावर आलं असेल. म्हणाली, लंबूकाका वाकून चालले, बाबा. सगळा रस्ता वाकून चालले.